एक सेल, एक बल्ब, एक वायर: चौथी-पाचवीच्या मुलांना विद्युत परिपथ कसा शिकवावा

फळ्यावर सेल काढायचा, शेजारी बल्ब काढायचा, दोन रेघांनी दोघांना जोडायचं आणि खाली परिपथाची, म्हणजे वीज वाहण्याच्या पूर्ण मार्गाची, व्याख्या लिहायची. मुलं ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. मग त्याच मुलांच्या हातात खराखुरा सेल आणि बल्ब देऊन 'पेटव बघू' म्हणा. बहुतेक जण बल्बचं बूड सेलच्या डोक्यावर टेकवतात आणि उजेडाची वाट बघत बसतात.

हे फक्त लहान मुलांचं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या नावाजलेल्या तंत्रशिक्षण संस्थेतून नुकतीच पदवी घेतलेल्यांना कॅमेऱ्यासमोर एक सेल, एक बल्ब आणि एक वायर देऊन बल्ब पेटवायला सांगितलं होतं. अनेकांना ते जमलं नाही. गणितं सोडवता येत होती, पण बल्बला वायर नेमकी कुठे टेकवायची हे माहीत नव्हतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी मुलांनी बल्ब पेटवायचा, मग तो का पेटला यावर बोलायचं, आणि आकृती, चिन्हं, व्याख्या सगळ्यात शेवटी. एकूण चार-पाच तासिका लागतात. पहिली जोडतासिका मिळाली तर उत्तम.

सामान

तीन मुलांचा एक गट करा. चार झाले की एक जण नुसता बघ्या होतो. पहिल्या दिवशी गटाला टॉर्चचा एक जाडा सेल, एक बल्ब आणि वीतभर वायरचा एकच तुकडा द्यायचा. पुढच्या तासिकांसाठी दोन पेन्सिल सेल, आणखी एक बल्ब, आणखी दोन-तीन वायरी, चिकटपट्टी आणि जाड पुठ्ठा लागेल.

सगळ्यात जास्त घोळ बल्बमध्ये होतो. बल्बच्या धातूच्या कडेवर बारीक अक्षरांत व्होल्ट लिहिलेले असतात. तिथे २.५ असलेला बल्ब हवा. दुकानदार हमखास ३.८ किंवा ६ व्होल्टचा पुढे करतो. तो एका सेलवर दिसण्याइतका पेटत नाही आणि अख्खा वर्ग 'आमचंच चुकतंय' असं समजून खट्टू होतो. सगळे बल्ब एकाच छापाचे घ्या, याचं कारण पुढे येईल. आता टॉर्चही एलईडीच्या आल्याने हे बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. तालुक्याच्या बाजारातलं जुनं इलेक्ट्रिकचं दुकान, पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे विचारा.

मग एलईडीच का वापरू नयेत? स्वस्त आहेत, टिकतात, मीही पुढे वापरायला सांगणारच आहे. पण पहिल्या दिवशी नकोत. एलईडी एका सेलवर पेटत नाही आणि उलटा जोडला तर दोन सेलवरही पेटत नाही. पहिल्याच प्रयोगात दोन नवी कोडी कशाला? शिवाय बल्बच्या आतली तार डोळ्यांना दिसते, एलईडीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

सेल साधे, स्वस्तातले जस्त-कार्बनचे घ्या. अल्कलाइन किंवा चार्ज होणारे सेल इथे मुद्दाम टाळायचे. चुकून दोन्ही टोकं थेट वायरने जोडली गेली, म्हणजे शॉर्ट झालं, तर साध्या सेलची वायर गरम होते. चार्ज होणारा सेल मात्र त्याहून कितीतरी जास्त धारा (वीजप्रवाह) सोडतो आणि बोट भाजतं. घड्याळातले, रिमोटमधले चपटे बटण सेल शाळेत आणूच नका. लहान मुलाने गिळलाच, तर अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो.

वायरची टोकं आदल्या दिवशी घरी बसून सोला, दोन-दोन सेंटिमीटर. आतल्या बारीक तारा पिळून एक करा. सेलला वायरी धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे गोल काप घ्या. सेलवर लांबीच्या दिशेने ताणून बसवले की दोन्ही टोकांना वायरी घट्ट दाबून धरतात. पंक्चरवाल्याकडे अशी ट्यूब फुकट मिळते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवायचे असे मार्ग अरविंद गुप्तांनी देशभर पोहोचवले. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. पहिल्या दिवशी मात्र हे कापही देऊ नका, बोटांनीच धरू द्या.

आणि वर्गात जाण्याआधी प्रत्येक बल्ब प्रत्यक्ष पेटवून पाहा. प्रत्येक. डबीत एक उडालेला बल्ब असला तरी तो नेमका सगळ्यात हळव्या मुलाच्या वाट्याला येतो.

आधी एक सक्त नियम

भिंतीवरच्या बोर्डाला, प्लगला, मोबाइलच्या बॅटरीला, इन्व्हर्टरला, गाडीच्या बॅटरीला, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला काहीही जोडायचं नाही. हे प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला सांगा, कारण मूल घरी जाऊन हाच प्रयोग करणार, आणि ते करावं हीच आपली इच्छा आहे. फक्त सेलवर.

नुसती भीती घालून उपयोग नाही, फरक किती आहे ते कळलं पाहिजे. सेल १.५ व्होल्टचा, घरातली वीज २३० व्होल्टची. पाचवीच्या मुलांना भागाकार करू द्या: उत्तर दीडशेच्या थोडं वर येतं. पेन्सिल सेल साधारण पाच सेंटिमीटर लांब असतो. तेव्हा तितके सेल एकापुढे एक ठेवले तर ओळ साडेसात मीटरच्या पुढे जाईल. खडूने वर्गात किंवा व्हरांड्यात तेवढी रेघ ओढा आणि तिच्या एका टोकाला एक सेल ठेवा. ही रेघ मुलांच्या चांगली लक्षात राहते.

पहिली तासिका: फक्त पेटवा

सामान वाटण्याआधी प्रत्येकाला चतकोर कागद द्या. बल्ब पेटेल असं जोडणं कसं असेल, ते चित्र काढायचं. बरोबर की चूक हे सांगायचं नाही, कागद गोळा करून ठेवायचे. यात तीन-चार प्रकार ठरलेले दिसतात. कुणी सेलपासून बल्बपर्यंत एकच वायर काढतं. कुणी दोन वायरी काढतं, पण दोन्ही बल्बच्या बुडालाच नेतं. कुणी वायर थेट काचेला चिकटवतं. मुलं वीज कशी समजतात याचा १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांना अशाच कल्पना सापडल्या होत्या: एकाच वायरीने वीज बल्बकडे जाते, किंवा दोन्हीकडून येऊन बल्बमध्ये धडकते, किंवा जाताना खर्च होऊन परत येताना कमी उरते. म्हणजे तुमच्या वर्गातली चित्रं ही मुलांची हुशारी-ढ ठरवायची मोजपट्टी नव्हे. शिकवण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता सामान वाटा आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. एखादा गट बल्ब पेटण्याच्या अगदी जवळ आला की आपला हात शिवशिवतो, त्याला आवरा. सांगायचं एवढंच: 'वायर गरम लागली की लगेच सोडा, आणि ती गरम का झाली ते लक्षात ठेवा.' एका सेलवर २.५ व्होल्टचा बल्ब पिवळसर, मंद पेटतो, म्हणून खिडक्या लोटून घ्या. पावसाळ्यातला अंधारलेला दिवस किंवा लाइट गेलेली वेळ या पाठासाठी झकास.

दहा-पंधरा मिनिटांत कुठूनतरी आरडाओरडा होतो. त्या गटाला लगेच सगळ्यांसमोर उभं करून दाखवायला लावू नका, इतरांचा शोध तिथेच संपेल. त्यांना पुढचं काम द्या: आता दुसऱ्या एखाद्या तऱ्हेने पेटवा. अशा तऱ्हा एकूण चार आहेत. बल्बचं बूड सेलच्या धन टोकावर आणि बल्बच्या कडेपासून वायर ऋण टोकाला. बूड ऋण टोकावर आणि कडेपासून वायर धन टोकाला. मग याच दोन तऱ्हा बल्ब आडवा धरून: सेलला बल्बची कड टेकलेली आणि वायर बुडापासून निघालेली. चारही सापडल्या की मुलं स्वतःच म्हणतात, 'सर, बल्बला दोन जागा आहेत.' हे वाक्य तुम्ही आधी उच्चारायचं नाही.

गटात धिटुकली मुलं सामान बळकावतात, त्यात बऱ्याचदा मुली मागे राहतात. म्हणून दर पाच मिनिटांनी सेल पुढच्याच्या हातात गेला पाहिजे, असा नियमच करा.

शेवटी फळ्याचे दोन भाग करा: पेटला आणि नाही पेटला. प्रत्येक गट आपल्या तऱ्हा काढतो. न पेटलेल्या तऱ्हाही तितक्याच मोलाच्या आहेत, त्या पुसू नका. सुरुवातीचे कागद परत देऊन आपलं चित्र कुठल्या भागात जातं ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

बल्बच्या आत, आणि दोरीचा खेळ

भिंग द्या. काचेच्या आत दोन उभ्या तारा आणि त्यांच्यामध्ये ताणलेली बारीक तार दिसते, ती टंगस्टनची. उभ्या तारांपैकी एक खाली बुडाच्या ठिपक्याला जाते, दुसरी बाजूच्या धातूच्या कडेला. बूड आणि कड यांच्यामध्ये वीज न वाहणारा थर असतो. प्रत्येकाने बोटाने मार्ग गिरवायचा: सेलचं एक टोक, वायर, कड, बारीक तार, बूड, सेलचं दुसरं टोक, आणि सेलच्या आतून परत पहिल्याच जागी. बोट कुठेही उचलायला लागता कामा नये. हे दाखवायला घरातला जुना पिवळा बल्ब आणावासा वाटेल. पण आपल्याकडचा दाबून फिरवून बसवायचा बल्ब वेगळा असतो: त्याच्या दोन्ही जागा बुडालाच असतात. तो आणलात तर हा फरक सांगा, नाहीतर गोंधळ वाढेल.

आता मैदानात चला. जाड सुती दोरीची टोकं बांधून मोठं कडं करा. सगळी मुलं गोलात उभी राहून दोरी मुठीत सैल धरतात. तुम्ही सेल: दोरी एका हाताने ओढून घ्यायची, दुसऱ्या हाताने पुढे सोडायची. एक मूल बल्ब: ते मूठ किंचित आवळतं. थोड्या वेळाने विचारा, हाताला काय लागतंय? गरम. (फार आवळू देऊ नका, आणि नायलॉनची दोरी नकोच.) मग प्रश्न विचारा. मी ओढायला लागल्यावर सगळ्यांच्या हातातली दोरी एकदम हलली की एकामागून एक? बल्बच्या अलीकडे जितकी दोरी सरकते तितकीच पलीकडे सरकते का? बल्बने दोरी खाल्ली का?

शेवटच्या प्रश्नावर वेळ द्या. वीज बल्बमध्ये संपते, ही समजूत फार चिवट आहे, मोठ्यांचीही. सेल उतरतो, मग काहीतरी संपतं खरंच ना? संपते ती ओढणाऱ्याची ताकद, दोरी नाही. तुमचेही हात तोवर दुखायला लागलेले असतात, ते मुलांना सांगा. मी वीज शिकवताना पाण्याच्या नळाची उपमा वापरत नाही. नळाचं पाणी एका तोंडाने येतं आणि सांडून जातं, म्हणजे जी चुकीची समजूत काढायची तीच आपण पक्की करतो.

खटका

पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, धातूच्या दोन ड्रॉइंग पिना आणि कागदाला लावायची एक यू-पिन. एका पिनेत यू-पिनचं टोक अडकवा, ती फिरून दुसऱ्या पिनेला टेकली की मार्ग पूर्ण. रंग दिलेल्या किंवा प्लॅस्टिक चढवलेल्या यू-पिना असतील तर आधी खरवडून घ्या.

खटका बनवणं सोपं आहे, खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: तो बल्बच्या अलीकडे लावायचा की पलीकडे? बरीच मुलं ठामपणे सांगतात की सेल आणि बल्ब यांच्या मध्येच, नाहीतर 'वीज आधीच बल्बपर्यंत पोहोचलेली असेल'. हात वर करून मतं मोजा, मग करून पाहा. दोन्हीकडे विझतो. दोरीचं कडं कुठेही कापलं तरी सगळी दोरी थांबते, याच्याशी हे जोडायचं काम मुलांनाच करू द्या.

कशातून वीज जाते?

परिपथात एक फट ठेवा आणि त्या फटीत वस्तू घालून पाहा: नाणं, किल्ली, कंगवा, स्टीलचा चमचा, काचेची बांगडी, खोडरबर, खडू, चॉकलेटचा चंदेरी कागद, पेन्सिल. आधी अंदाज लिहायचा, मग तपासायचं. हा प्रयोग सगळीकडे होतो, पण घाईने होतो. त्यातल्या तीन जागा नीट सांभाळल्या पाहिजेत.

पहिली, वरचा थर. गंजलेला खिळा, रंगवलेलं झाकण, मोटारीच्या गुंडाळीतली तांब्याची तार यांतून वीज जात नाही असं दिसतं. पॉलिश पेपरने घासून पुन्हा पाहायला लावा.

दुसरी, पेन्सिल. दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या लांब पेन्सिलीच्या शिशातून बल्ब मंद पेटतो किंवा पेटतच नाही, तुकडा आखूड केला की बरा पेटतो. 'जाते' आणि 'जात नाही' यांच्या मध्येही काही असतं, हे मुलांना इथे दिसतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: पाणी. बल्बने तपासलं तर पाणी दुर्वाहक ठरतं, आणि स्वतःच्या बोटांतून तपासलं तर माणूसही. हा निष्कर्ष घेऊन मूल ओल्या हाताने बोर्डाला हात लावायला गेलं तर? म्हणून इथे एलईडी आणा. तीन सेल, लाल एलईडी आणि त्याच्याशी कायमचा जोडून ठेवलेला, धारा आवरणारा २२० ओहमचा रोधक (रेझिस्टर). एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे. वायरीची दोन टोकं मिठाच्या पाण्यात एकमेकांजवळ बुडवा, एलईडी मंद उजळतो. बल्बला पेटायला जितकी धारा लागते तितकी पाण्यातून जात नव्हती, पण जात होती. घरातल्या २३० व्होल्टला ओल्या अंगातून जीवघेणी धारा जाते, हे इथे स्पष्ट शब्दांत सांगा.

लिंबाचा सेल करायचा हट्ट मुलं धरतातच. करा, पण बल्ब पेटेल अशी आशा लावू नका. जस्ताचा थर दिलेला खिळा आणि तांब्याची पट्टी खोचलेलं एक लिंबू व्होल्टच्या आसपास देतं, पण धारा अगदी नगण्य. तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडून लाल एलईडी अंधारात मिणमिणतो.

दोन बल्ब

हे पाचवीला. चौथीला सोडून दिलं तरी बिघडत नाही. दोन सेल एकापुढे एक, त्यांवर दोन बल्ब एकाच मार्गात एकामागे एक जोडा. दोन्ही सारखेच मंद पेटतात. एक काढला की दुसराही विझतो. मग प्रत्येक बल्बला सेलपर्यंत आपापला स्वतंत्र मार्ग द्या: दोन्ही लख्ख, आणि एक काढला तरी दुसरा चालूच. सगळे बल्ब एका छापाचे घ्या म्हटलं ते याचसाठी. वेगळ्या छापाचे असतील तर एक उजळ आणि एक मंद दिसेल, आणि 'पहिल्याने जास्त वीज घेतली' ही समजूत पुन्हा उगवेल. घरात एक दिवा गेला की पंखा बंद पडतो का, एवढाच प्रश्न विचारून मुलांना घरी पाठवा. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की अख्खा तुकडा का विझतो, हे कुणीतरी दुसऱ्या दिवशी आपणहून आणतं.

बिघाड शोधा

मला या सगळ्या पाठात हाच भाग सर्वांत आवडतो. प्रत्येक गटाला न पेटणारा परिपथ जोडून द्या. एकात उडालेला बल्ब, एकात न सोललेली वायर, एकात समोरासमोर तोंड केलेले दोन सेल, एकात टोकाला पारदर्शक नेलपॉलिश लावलेली पिन. मुलं आधी सगळं उचकटून परत जोडायला धावतात. तसं करू द्यायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: चांगला बल्ब लावून पाहा, नाही जमलं तर तो काढून जुना लावा, मग सेल, मग एकेक वायर. प्रत्येक पायरीला काय तपासलं आणि काय कळलं ते वहीत लिहायचं.

आता चिन्हं शिकवा. सेलसाठी लांब बारीक रेघ धन, आखूड जाड रेघ ऋण. मुलांनी चार दिवसांत काढलेली बल्ब-सेलची चित्रं इतकी वेळखाऊ असतात की सोपी चिन्हं मिळाल्यावर त्यांना हायसं वाटतं. व्याख्या मुलांकडून घ्या, फळ्यावर लिहा, मग पुस्तकातल्या व्याख्येशी ताडून पाहा.

मूल्यमापनाला व्याख्या विचारू नका. पहिल्या दिवसासारखीच सहा-सात चित्रं द्या, काही पेटणारी, काही न पेटणारी, आणि प्रत्येकापुढे कारण लिहायला लावा. हाताने करायचं काम हवं असेल तर प्रश्नोत्तरांचा तक्ता: पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला रायगड, सिंधुदुर्ग असे जिल्हे, उजवीकडे अलिबाग, ओरोस अशी मुख्यालयं वरखाली करून. मागच्या बाजूने योग्य जोड्या चंदेरी कागदाच्या पट्ट्यांनी जोडायच्या. पुढून प्रत्येक नावाशेजारच्या भोकातून पट्टीला परिपथाची दोन मोकळी टोकं टेकवायची, जोडी बरोबर असेल तरच बल्ब पेटतो. प्रत्येक पट्टी लावून झाली की तिच्यावर पूर्ण चिकटपट्टी, नाहीतर पट्ट्या एकमेकींना टेकून सगळीच उत्तरं बरोबर येतात आणि भूगोलाचे शिक्षक नाराज होतात.

सामान परत घेताना सेल मोजून वेगळ्या डब्यात ठेवा, वायरी आणि पिना दुसऱ्यात. एकत्र टाकले तर डब्यातच शॉर्ट होऊन उतरतात. मे महिन्याच्या सुट्टीआधी टॉर्चमधले, खेळण्यांतले सेलही काढून ठेवा. सुट्टीत ते पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात. उतरलेले सेल शेकोटीत जाणार नाहीत याची खात्री करा, ते फुटतात. बरणीत जमवून शहरातल्या ई-कचरा संकलनाकडे द्या.